वडिलांच्या वर्षश्राद्धाला नेहमीची भाषणं नकोत, त्यांच्यासारखा कार्यक्रम करायचाय, कसा करू?

मीनाकाठ

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमचे आण्णा मागच्या वर्षी गेले. मेच्या शेवटी त्यांचं वर्षश्राद्ध येतंय आणि त्यावरून घरात तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत.

आण्णा एसटीत कंडक्टर होते, नारायणगाव डेपोला, जवळजवळ आख्खी नोकरी तिथंच. जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळे, घाटघर त्या बाजूला ज्यांनी एसटीनं प्रवास केलाय त्यांना मुक्कामी गाडी माहिती असेल, संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाणार, ड्रायव्हर कंडक्टर तिथंच झोपणार आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, शाळेची पोरं घेऊन परत. आण्णांचं निम्मं आयुष्य असल्या मुक्कामांत गेलं. घरच्यांपेक्षा त्या गावातली माणसं त्यांना जास्त ओळखतात असं आई अजून म्हणते, थोडं रागानंच म्हणते. हॉस्टेलच्या पोरांचे डबे, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, लग्नपत्रिका, शिवायला टाकलेली ब्लाउजं, सगळं त्यांच्या सीटखालून जायचं.

दुसरा नाद तमाशाचा. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, त्या दिवसांत आण्णा डेपोत हिशोब भरला की घरी न येता थेट राहुट्यांकडं. कुठल्या गावाला कुठला फड ठरला आणि कितीला ठरला, सगळं तोंडपाठ. स्वतः कधी दौलतजादा केली नाही, म्हणजे कलावंतांवर पैसे उधळले नाहीत, शेवटच्या रांगेत बसून ढोलकी ऐकायची बस्स. पेटीभर कॅसेट आहेत घरी.

आता अडचण सांगते. दशक्रिया घाटावर झाली, आमच्याकडं कशी असते माहितीये ना, आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग कावळा. भाषणं तासभर चालली. एका पुढाऱ्यानं तर आण्णांना "कष्टाळू प्रगतशील शेतकरी" म्हणून श्रद्धांजली वाहिली. आमच्याकडं परसातली कढीपत्त्याची झाडं सोडली तर शेती नाही हो. एसटी हा शब्द त्या तासाभरात कुणाच्या तोंडात आला नाही.

म्हणून वर्षश्राद्धाला मला असं काही करायचंय की आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, हां, हे आपल्या कंडक्टरचं आहे. भाऊ म्हणतो मोठा मांडव, चौकात फ्लेक्स, नाव असलेले कीर्तनकार, साहेबांना निमंत्रण, नाहीतर लोक म्हणतील पोरांनी उरकून टाकलं. आई म्हणते हरिपाठ आणि कीर्तन, बाकी काही नको, आणि तमाशाचं नाव जरी काढलंस तर मी त्या दिवशी माहेरी जाईन. भाची अमेरिकेत असते, ती म्हणते मावशी तिकडं सेलिब्रेशन ऑफ लाइफ करतात तसं कर, स्लाइड शो, गाणी वगैरे. मला कल्पना आवडली पण आमच्या गावात "सेलिब्रेशन" म्हणलं तर लोक जोड्यानं मारतील.

कुणी केलाय का असा कार्यक्रम गावाकडं? भटजी, जेवण, भाषणं, गाणी हे सगळं कसं बसवायचं? माणसं दीडदोनशे येतील.

घोडेगावची_सून

ताई, आधी आण्णांना नमस्कार.

मी सासऱ्यांचं केलंय तीन वर्षांपूर्वी, गावातच, म्हणून सांगते. पहिली गोष्ट म्हणजे श्राद्ध आणि कार्यक्रम वेगळे करा, एका दिवसात कोंबू नका. श्राद्ध तिथीला करायचं असतं आणि तिथी बघायला गेलं की हटकून मंगळवार बुधवार येतो. तिथीला घरच्या घरी, भटजी, पिंडदान, जवळचे नातेवाईक, संपलं. आईंचं समाधान होतं आणि त्यात कुणी काही बोलू शकत नाही. मग कार्यक्रम जवळच्या रविवारी ठेवा, त्याला श्राद्ध म्हणू नका, पत्रिकेत "स्मृतिदिन" नाहीतर "आण्णांच्या आठवणी" असं काहीतरी साधं टाका. एकदा श्राद्धापासून वेगळं झालं की गाणं असावं का, हसावं का, असले प्रश्न आपोआप कमी होतात. आम्ही तिथीला सगळं शांतपणे केलं आणि रविवारी सासऱ्यांच्या कुस्तीच्या गमती सांगून लोक पोट धरून हसले, सासूबाई पण.

दुसरं भाषणांचं. पुढारी आला की माइक मागणारच, आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही. आम्ही काय केलं, निवेदक घरातला ठेवलाच नाही. हायस्कूलचे एक निवृत्त सर आहेत, सगळ्या तालुक्याला शिकवलेले, त्यांना उभं केलं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आज फक्त आठवण सांगायची, प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि ज्यानं त्यांच्यासोबत काही काम केलंय त्यानंच बोलायचं. सरांनी कान धरलेली माणसं ती, सगळी गप बसली. घरच्या माणसाला हे जमत नाही, उद्या त्याच पुढाऱ्याकडं आपलं काम असतं ना.

आणि बोलणारे आधी ठरवा, सहाच्या वर नको. "कुणाला बोलायचंय का" असं कधीही विचारू नका, संपलं मग, संध्याकाळ होते.

फ्लेक्सबद्दल भावाला सांगा की परवानगीशिवाय चौकात लावता येत नाही, आणि आठ दिवसांनी त्याच फ्लेक्सनं कुणाचा तरी कांदा झाकलेला दिसतो. त्यापेक्षा मांडवाच्या दाराशी आण्णांचा गणवेशातला एक मोठा फोटो. पण त्याला लांब बाजूला सारू नका, काहीतरी मोठं काम त्याच्याकडं द्या, मांडव, जेवण, पाहुणे. ज्याला काम नसतं तोच फ्लेक्स काढतो, हा माझा अनुभव 😀

ढोलकीचा_नाद

तुमच्या आईला न दुखावता आण्णांची आवड कशी आणायची यावर थोडं बोलतो, कारण हा माझा विषय आहे आणि नारायणगावचं नाव काढल्यावर मला गप बसवत नाही. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच, राज्य सरकार तमाशा कलावंतांना जो जीवनगौरव पुरस्कार देतं तो त्यांच्या नावानं आहे. तेव्हा तमाशा म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट हे निदान नारायणगावात तरी नको.

पण आईंचंही बरोबर आहे, श्राद्धाच्या आसपास लावणी नको वाटणार त्यांना. तर असं बघा, तमाशाची सुरुवात कशी होते? आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गवळण, कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. त्यानंतर बतावणी म्हणजे विनोदी संवाद, रंगबाजी म्हणजे लावण्या आणि शेवटी वग म्हणजे नाटक. आता यातला गण आणि गवळण बाजूला काढा. गण तर सरळ देवाचंच गाणं आहे. आणि गवळण वारकऱ्यांच्या भजनातही असते, गौळणी म्हणतात, एकनाथ महाराजांच्या गौळणी तुमच्या गावातलं भजनी मंडळ दर एकादशीला म्हणत असेल. म्हणजे आई ज्या भजनाला बसतात आणि आण्णा ज्या फडाला जायचे त्या दोन्हीकडं कृष्ण एकच आहे, फक्त एका ठिकाणी मृदंग आणि दुसरीकडं ढोलकी. भारूडाचंही तसंच.

मी असतो तर असं केलं असतं, सुरुवातीला ढोलकी, तुणतुणं, हलगीवर एक गण, अर्धा तास भजनी मंडळाच्या गौळणी, त्यात एखादी फडातली गवळण, आणि एक भारूड. लावणी नाही, वग नाही. आण्णांचे दोस्त गण ऐकूनच डोळे पुसतील बघा. जत्रांचा हंगाम बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो, त्यामुळं मेअखेरीला कलावंत मोकळे असतात, त्यांनाही चार पैसे मिळतात. फक्त त्यांना बोलावलं तर नीट बोलवा, आधी बिदागी ठरवा, येण्याजाण्याची सोय करा, आणि पाहुण्यांच्या पंगतीतच जेवायला बसवा. हे मुद्दाम लिहितोय, कारण बऱ्याच ठिकाणी मांडवामागं बसवतात.

हो, त्या कॅसेटी सांभाळा. मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात ठेवू नका, उष्णतेनं टेप खराब होते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला लावून ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड होतात. एक बाजू वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच रेकॉर्डला लागतो, त्यामुळं आत्ताच सुरू करा. आणि खोक्यावर नाव काहीही असू दे, सगळ्या ऐका, त्या काळात लोक एकावर एक टेप करायचे, मध्येच घरच्या कुणाचा तरी आवाज सापडतो.

डबलबेल

रिटायर कंडक्टर, दुसऱ्या विभागातला. तुमची पोस्ट बायकोनं वाचून दाखवली, टायपिंग नातू करतोय.

मुली, तू प्रासंगिक करारावर गाडी घे. पुण्या मुंबईचे तुमचे पाहुणे असतील ना, त्यांना स्वतःच्या गाड्या काढायला लावू नको, एसटीच कर. लग्नाला, सहलीला घेतात तीच पद्धत, डेपोत आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज करायचा, कुठून कुठं, किती वाजता, किती माणसं, भाडं किलोमीटरवर असतं आणि पैसे आधी भरावे लागतात. मे महिना म्हणजे लग्नसराई आणि सुट्ट्या, गाड्या मिळायची मारामार, म्हणून तारीख ठरली की दुसऱ्या दिवशी अर्ज टाक. आणि पाहुण्यांना सरळ मांडवात आणू नको. आधी ज्या गावाला ते मुक्कामाला जायचे तिकडनं एक फेरी मार, घाटघरपर्यंत नाही जमलं तर आपटाळ्यापर्यंत तरी. नातवंडांना कळू दे आजोबा रात्रीचे कुठं जायचे. जिथं ते झोपायचे ते देऊळ नाहीतर शाळेचा व्हरांडा असेलच अजून.

त्या गावात आधी तू एकटी जाऊन ये. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला गाव जेवू घालतं, आज या घरी उद्या त्या घरी. त्या म्हाताऱ्या बायकांना जेवढं माहिती असेल तेवढं तुला पण नसेल. त्यांना बोलायला मांडवात आणायची गरज नाही, माइकसमोर त्या गप होतात. तिथंच ओट्यावर बसून मोबाईलवर रेकॉर्ड कर. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, यायचं असेल तर येतील.

डबे खाल्लेली पोरं शोध. ज्यांचे डबे जायचे ती आता चाळिशी पन्नाशीची असतील, कुणी तलाठी असेल, कुणी मास्तर, कुणी कंपनीत. बोलायला ती उभी कर. पुढाऱ्यापेक्षा हजार पटीनं बरी.

बरोबरच्या स्टाफला बोलवायचं तर पत्रिका डेपोत वाहतूक नियंत्रकाच्या केबिनशेजारी लाव आणि कार्यक्रम दुपारनंतर ठेवू नको, सकाळपाळीवाल्यांची ड्युटी सुटायची वेळ आणि दुपारपाळीवाल्यांची चढायची वेळ बघून मधे ठेव, त्यांनाच विचार. खाकीत आले तर येऊ दे, बदलून या म्हणू नको.

कार्यक्रम एक जूनला बसतोय का बघ. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली, आमच्यात हा दिवस माहिती नाही असा माणूस नाही. पण त्या दिवशी डेपोत पण वर्धापनदिन असतो, गाड्यांना हार, पेढे, म्हणून वेळ विचारून ठेव.

सुरुवातीला डबल बेल दे. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मशीन यायच्या आधीची तिकिटं, पंच, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, काही घरात असेल तर टेबलावर मांड. पोरांना पंच हातात देऊन जुन्या कागदावर भोकं पाडू दे, नुसतं काचेत ठेवून काय करायचं.

लेस्टरकर

भाची ज्या सेलिब्रेशन ऑफ लाइफबद्दल म्हणतेय ते मी इथं इंग्लंडमध्ये पाहिलंय, आमच्या शेजारच्या आजोबांचं आणि नंतर दोन मराठी घरांतलंही. तिकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये एवढंच सांगते.

इथं ते बऱ्याचदा अंत्यविधीलाच जोडून असतं. क्रिमेटोरियममध्ये अर्ध्यापाऊण तासाचा स्लॉट, बाहेर पुढच्या कुटुंबाची गाडी येऊन थांबलेली, त्यामुळं सगळं मिनिटामिनिटाचं बांधलेलं. एक छापील पत्रिका हातात मिळते, वर फोटो, आत कोण बोलणार, कुठलं गाणं. काळ्या कपड्यांऐवजी त्यांच्या आवडीच्या रंगाचे कपडे घालून या असंही सांगतात. आजोबा फुटबॉलवेडे होते तर अर्धे लोक क्लबचे स्कार्फ घालून आले होते. आपल्याकडं तुम्हाला वेळेची एवढी घाई नाही, पण ती पत्रिका मात्र जरूर करा. कार्यक्रम आधीच कागदावर छापलेला असला की त्यात नाव नसलेला माणूस माइककडं जायला बिचकतो. तुमच्या बाबतीत ती जुन्या एसटी तिकिटासारखी छापता येईल, कुठून, कुठे, तारीख, असं. फक्त एसटीचं बोधचिन्ह वापरू नका, नुसता रंग आणि मांडणी पुरे.

स्लाइड शो मात्र सांभाळून. इथं प्रत्येक ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणी लांबतो. घरच्यांना प्रत्येक फोटो प्रिय, पाहुण्यांना चौथ्या बारशानंतर कोण कुणाचं ते कळत नाही. तुमच्याकडं मेच्या उन्हात मांडवात प्रोजेक्टरवर दिसणारही नाही काही. मोठे छापून दोरीला चिमट्यांनी लावा, जाता येता लोक थांबून बघतात, बोट दाखवून बोलतात, हा कोण, तो कोण. फोटोंखाली नावं लिहायला मोकळी जागा ठेवा आणि पेन बांधून ठेवा, ओळखणारे लिहितात. मूळ फोटो लावू नका, मोबाईलनं फ्लॅश बंद करून सावलीत फोटो काढा आणि त्याच्या प्रती काढा.

आणि आवाजाबद्दल. व्हॉट्सअॅपवर आण्णांचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच दुसरीकडं कॉपी करून ठेवा, फोन बदलला की जातात. पण कार्यक्रमात लावणार असाल तर आईला आधी घरी एकटीला ऐकवा. फोटोची तयारी मनाची झालेली असते, आवाजाची नसते. एका घरी कुणालाही न सांगता लावला होता, काकू मधेच उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि मग पुढचा सगळा कार्यक्रम कुणाचं लक्ष नाही. लावलात तर छोटा लावा, काहीतरी रोजचं बोलणं, उपदेशाचं नको.

परदेशातल्यांसाठी लाइव्ह करायच्या भानगडीत पडू नका. तुमचे सकाळचे दहा म्हणजे मे महिन्यात आमचे पहाटेचे साडेपाच आणि न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा. रेकॉर्ड करा आणि पाठवा. भाचीला काम द्यायचं असेल तर ते सगळे आवाज, व्हिडिओ एकत्र लावायचं काम तिला द्या, ते तिकडं बसून होतं.

स्पष्टच_बोलतो

राग मानू नका पण हे सगळं इव्हेंट मॅनेजमेंट झालंय. माणूस गेला, दोन हात जोडायचे, चार गरिबांना जेवू घालायचं. तिकिटाची पत्रिका काय, डबल बेल काय, लग्नातले लोक हॅशटॅग करतात तसंच हे. तेवढ्या पैशात घाटघरच्या शाळेला कपाटभर पुस्तकं येतील.

बोधिवृक्ष

@स्पष्टच_बोलतो, दोन्ही होतं की. आमच्या बौद्धांकडं गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्रिशरण पंचशील, सूत्रपठण, मग ज्यांना बोलायचंय ते बोलतात, आणि त्या माणसाच्या नावानं विहाराला, शाळेला, वाचनालयाला काहीतरी दिलं जातं ते तिथंच जाहीर होतं. माझी आई अंगणवाडी सेविका होती, तिच्या वेळी आम्ही आलेल्यांना हार, शाल, नारळ आणू नका, एक वही आणा असं पत्रिकेतच लिहिलं होतं. भिंतीला लागून वह्यांचा ढीग लागला, दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून पहिलीत गेलेल्या पोरांना वाटल्या. खर्च शून्य. ताई, तुम्ही पण असं करू शकता, फक्त आण्णांशी जोडलेलं हवं. डबे न्यायचे म्हणताय तर आश्रमशाळेच्या पोरांना स्टीलचे डबे द्या. नाव कोरू नका त्यावर, पोरांना लाज वाटते दानाच्या डब्याची.

आणि आलेल्यांकडून आठवणी लिहून घ्यायच्या असतील तर कोरी वही ठेवून उपयोग नाही, सगळे "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून खाली सही करतात. आम्ही प्रत्येक पानावर वर एक प्रश्न लिहून ठेवला होता, "त्या तुम्हाला कधी रागावल्या होत्या?" "त्यांच्या हातचं काय खाल्लंय?" असे. लोकांनी खूप लिहिलं. काहींना लिहिता येत नाही किंवा अवघडतं, तिथं कॉलेजची एक मुलगी बसवली होती, ती विचारून लिहून घ्यायची.

मीनाकाठ

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू, उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे बरंच घडलं.

डबलबेल काका, तुमचं ऐकून मी गेले हो मुक्कामाच्या गावांना. गावाचं नाव इथं लिहित नाही. एका घरी आजी म्हणाल्या कंडक्टर का, तो तर आमच्याकडं नाचणीच्या भाकरीसोबत लोणचं मागायचा आणि घरी सांगू नका म्हणायचा. आण्णांना डॉक्टरांनी लोणचं बंद केलं होतं!! आईला सांगितलं तर आधी चिडली आणि मग दिवसभर तेच सगळ्यांना फोनवर सांगत होती. मला वाटतं तिचं मन तिथंच जरा वळलं. डबे खाल्लेले तिघं सापडले, एक आता त्याच शाळेत शिक्षक आहेत, बोलायला तयार आहेत.

गण गवळणीचं मी सरळ भजनी मंडळाच्या बुवांनाच विचारलं, आईला नाही. बुवा म्हणाले ढोलकी आली तर मृदंगवाल्याला तेवढाच आराम. मग त्यांनीच आईला विचारलं. आई म्हणाली गौळण म्हणणार असाल तर कोण वाजवतंय ते मी बघायला जाणार नाही. म्हणजे हो समजायचं ना? 😅 माहेरी जायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

तिथीला श्राद्ध घरी आणि रविवारी कार्यक्रम असं ठरलं. एक जून नाही जमत, डेपोतल्या लोकांना त्या दिवशी तिकडं थांबावं लागतं. सकाळी साडेदहा ते साडेबारा, मग जेवण. निवेदक म्हणून आण्णांच्या ड्रायव्हरांच्या मुलीला विचारलंय, ती कॉलेजात शिकवते, तिला पुढाऱ्यांची भीती नाही. आणि @स्पष्टच_बोलतो, तुमचं पुस्तकांचं पण घेतलंय, डबे आणि पुस्तकं असं अर्धं अर्धं, भावानं फ्लेक्सचे पैसे तिकडं वळवले. पूर्ण नाही वळवले, एक फ्लेक्स आहेच, पण त्यावर साहेबांचा फोटो नाही, फक्त आण्णा आणि मागं लाल गाडी. मी एवढ्यावर समाधान मानलंय.

साहेब येणारेत. पत्रिकेत त्यांचं नाव "उपस्थिती" मध्ये टाकलंय, "मनोगत" मध्ये नाही. बघू.

आता शेवटचा प्रश्न. जेवणाला आण्णांच्या आवडीची मासवडी, म्हणजे सारण भरलेली बेसनाची वडी, करायची असं आई म्हणते, बुंदी आणि मसालेभात नको. दोनशे माणसांची मासवडी आचाऱ्याकडून करून घेता येते का, की नुसती आमटी आचाऱ्याची आणि वड्या बायका बसवून करून घ्यायच्या?

घोडेगावची_सून

वड्या बायकांकडूनच, आचाऱ्याच्या भरवशावर सोडू नका, तो सारणात खोबरं तीळ कमी आणि कांदा जास्त घालतो आणि वडी कापताना सुटते. बचत गटाच्या बायका घेतात ऑर्डर आपल्याकडं, आठ दिवस आधी सांगा. सारण आदल्या रात्री करून ठेवता येतं, पण मे महिना आहे, त्यात कांदा घालायचा असेल तर सकाळीच. वड्या पण सकाळीच थापायच्या, रात्रीच्या ठेवल्या तर उन्हानं वास येतो. माणशी चार धरा, पुरुष जास्त खातात. भाकरी बाजरीची आत्ता उन्हाळ्यात जड होते, ज्वारीची करा. आमटी आचाऱ्यालाच द्या, आणि त्याला सांगा की मासवडीची आमटी आहे, डाळीची नाही, नाहीतर तो डाळ शिजवायला टाकून मोकळा.

डबलबेल

गाडीचा अर्ज टाकला का ते आधी सांग.

मीनाकाठ

टाकला काका, सोमवारी पैसे भरायला बोलावलंय. आपटाळ्याची फेरी धरूनच किलोमीटर लावलेत.